आठवलं की सुचलं

पहिल्याच दिवशी रोपवाटिकेतल्या मावशींनी माझ्या यंत्रात ऊस घातला, दांडा खाली दाबला आणि टिपरी दोन्ही टोकांना उभी चिरली. त्यांनी ती उचलून माझ्यापुढं धरली. म्हणाल्या, "मिस्त्री, ह्ये लावून उगवंल व्हय?" उत्तर त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. चिरलेल्या टोकातून ओल आत शिरते, बुरशी धरते आणि ट्रेमधलं रोप वर यायच्या आधीच टिपरी कुजते. मी यंत्र टेम्पोत चढवलं आणि वर्कशॉपला परत आणलं.

इस्लामपूरच्या एमआयडीसीत माझं शेतीच्या औजारांचं लहान वर्कशॉप आहे. आमचा वाळवा तालुका कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मध्ये बसलेला, त्यामुळं इथं कुठलंही बोलणं फिरून फिरून उसावर येतं. माझ्या लहानपणी लागण म्हणजे दोन किंवा तीन डोळ्यांची टिपरी. सरीत पाणी सोडायचं आणि पायानं टिपरी चिखलात दाबत जायचं. पुढं एका डोळ्याची रोपं करून लावायची पद्धत आली. बियाणं पुष्कळ कमी लागतं, रान एकसारखं दिसतं. आडसालीच्या लागणीची घाई सुरू झाली की रोपवाटिकांत बायका रांगेनं ऊस तोडत बसलेल्या असतात. हातात कोयता, पुढं लाकडाचा ठोकळा. डोळ्याच्या वर एक भाग कांडं ठेवायचं, खाली दोन भाग, आणि डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही. सकाळच्या पारी हे काम बिनचूक होतं. दुपारनंतर हात जड होतो, मग कधी डोळा कापला जातो, कधी बोट. त्या रोपवाटिकेच्या मालकांनी मला एवढंच सांगितलं होतं, बायकांची बोटं वाचतील असं काहीतरी करा.

मी जे केलं होतं ते कागदावर चोख होतं. दोन सरळ पाती, दोन्हींमध्ये टिपरीच्या लांबीचं अंतर, खाली लोखंडी बैठक, बाजूला लांब दांडा. दांडा दाबला की दोन्ही पाती एकदम खाली येणार आणि एका दाबात टिपरी तयार. टिपरी चिरते म्हटल्यावर मी पात्याची धार वाढवली. मग पातं पातळ केलं. मग दांडा आणखी हातभर लांब केला. या सगळ्यात दोन महिने गेले, आडसालीचा हंगाम हातातून गेला, आणि ऊस चिरायचा तो चिरतच राहिला.

आणखी एक त्रास होता. दांड्यावर जोर दिला की यंत्र मागून उचललं जायचं. एका संध्याकाळी गडी घरी गेल्यावर मी ते टेबलावरून खाली फरशीवर घेतलं, त्याच्यापुढं बसलो आणि ते हलू नये म्हणून त्याच्या तळपट्टीवर उजवा पाय ठेवला. पाय ठेवला आणि दांड्याला हात लावायचं विसरलो. हे बसणं माझं नव्हतं. एक गुडघा उभा, पावलाखाली पाट दाबलेला, अंग थोडं पुढं झुकलेलं आणि समोर पातं. अशी माझी आई बसायची, विळीवर.

पितृपंधरवड्यात आमच्या घरी लाल भोपळा यायचा. त्याची पाठ इतकी टणक की आम्ही पोरं त्यावर बुक्क्या मारायचो. आई त्या भोपळ्याशी कधी झटापट करायची नाही. दोन्ही हातांत धरून पात्याच्या पोटावर टेकवायची आणि अंगाला हलकासा झोका द्यायची. भोपळा दाबला जात नव्हता, पात्यावरून ओढला जात होता. विळीचं पातं वाकलेलं असतं. त्यामुळं भोपळ्याला एका वेळी पात्याचा अगदी थोडाच भाग भेटतो आणि तो भाग सरकत राहतो. माझी सरळ पाती मात्र उसाच्या सगळ्या रुंदीवर एकदम बसत होती. उसाचे धागे उभे. वरून एकदम दाब आला की ते कापले जाण्याआधी बाजूला फाकतात, आणि चीर पडते. दोन महिने हे माझ्या डोळ्यांपुढं घडत होतं. दिसलं ते पाय ठेवल्यावर.

दुसऱ्या दिवशी ट्रकच्या कमानीचा जुना पाटा घेतला आणि तापवून त्याला विळीसारखा बाक दिला. दांड्याचा खिळा अशा जागी नेला की पातं खाली येता येता मागंही सरकेल. लोखंडी बैठक काढून टाकली. तिच्या जागी बाभळीचा ठोकळा बसवला आणि ऊस निम्मा आत बसेल अशी गोल खाच त्याला पाडली. पहिली टिपरी कापली, उचलून उजेडात धरली. काप काकडीच्या चकतीसारखा. डोळा जिथल्या तिथं.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्यामागं लागला आहे. मला त्या संध्याकाळी आठवलं की सुचलं?

मी फार शिकलेला माणूस नाही. आयटीआयचा फिटर. काही वर्षं कारखान्याच्या देखभाल खात्यात काढली आणि १९९४ साली स्वतःचं वर्कशॉप टाकलं. पण आमच्याकडं एक निवृत्त मराठीचे सर चहाला येतात. त्यांना हा प्रश्न विचारला तर ते म्हणाले, उत्तर तुमच्या बोलण्यातच आहे. "मी पातं वाकवलं" म्हणता, "मी ऊस कापला" म्हणता. पण "मी आठवलं" म्हणत नाही, "मला आठवलं" म्हणता. तसंच "मला सुचलं". भूक लागावी, झोप यावी, तशी ही दोन्ही माणसाला येऊन भेटतात. ज्यांनी भाषा घडवली त्यांना आठवणं आणि सुचणं एकाच वाटेनं येताना दिसलं असणार.

सरांनी आणखी एक सांगितलं, तेही मला फार पटलं. हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाचा पंडित होऊन गेला. त्यानं काव्यमीमांसा नावाचा ग्रंथ लिहिला. कवीला लागणाऱ्या बुद्धीचे त्यात तीन प्रकार सांगितले आहेत. झालेलं धरून ठेवते ती स्मृती, समोर आहे त्याचा विचार करते ती मती आणि पुढं येणारं जाणते ती प्रज्ञा. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटला. मी दोन महिने नुसत्या मतीवर काम करत होतो. समोरचं पातं, समोरचा ऊस, समोरची चीर. मागचं काही त्यात घातलंच नव्हतं, म्हणून पुढचं काही निघत नव्हतं.

हे नुसतं ग्रंथातलं राहिलेलं नाही. लंडनमध्ये डेमिस हसाबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाच माणसं अशी होती की मेंदूतला आठवणी बांधणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग त्यांच्यात दोन्ही बाजूंनी बिघडला होता. मागचं त्यांना आठवत नसे, हे डॉक्टरांना माहीतच होतं. या अभ्यासकांनी त्यांना वेगळंच विचारलं. समजा तुम्ही एका सुंदर समुद्रकिनाऱ्यावर पडला आहात, काय काय दिसतं ते सांगा. त्यातल्या बहुतेकांना ते जमेना. सुटे तुकडे सांगायचे, पण सगळं मिळून एक जागा उभी राहायची नाही. जे कधी घडलंच नाही त्याची कल्पना करायलाही आठवणीचंच यंत्र लागतं, असा त्याचा अर्थ. हेच हसाबिस पुढं संगणकाला शिकवण्याच्या कामात गेले आणि २०२४ साली त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. इंजिनिअरिंगच्या एका पोरीनं मला हे मोबाईलवर वाचून दाखवलं, तेव्हा त्या माणसांबद्दल मला फार वाईट वाटलं. मागचं गेलं म्हणून दुःख असतंच. पण त्याबरोबर उद्याचंही जातं, हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

आमच्या तालुक्याला हे समजून घ्यायला लंडनपर्यंत जायची गरज नव्हती, कारण वाटेगाव आमच्याच तालुक्यात आहे. अण्णाभाऊ साठे तिथं १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मले. शाळा अशी त्यांना मिळालीच नाही. पोरवयात आईबापांबरोबर मुंबईची वाट धरली, तीही पायी. पुढं घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत बसून त्यांनी लिहिलं ते काय? वारणेचं खोरं. तिथले डोंगर, तिथली उपासमार, तिथली मर्द माणसं. फकिरा ही कादंबरी १९५९ साली आली. त्यातला इंग्रजांच्या काळातला पुष्कळसा भाग लेखकानं स्वतः बघितलेला असणं शक्य नव्हतं. तो गावानं बघितला होता, वाड्यावस्त्यांनी सांगितला होता. म्हणजे दुसऱ्यांनी जपलेली आठवण त्यांच्याकडं आली, चिरागनगरच्या गर्दीत राहिली आणि तिथं तिची कादंबरी झाली. मला वाटतं, ते वाटेगावातच राहिले असते तर कदाचित असं लिहून झालं नसतं. विळी रोज घरात असती तर मलाही तिचा बाक दिसला नसता. आमच्या घरात आता ओटा आहे, सुरी आहे. विळी माळ्यावर गेली त्याला वीस वर्षं झाली. वस्तू दूर जाते, तेव्हा तिचं नेमकं काय आपल्याजवळ राहिलं ते कळतं.

पण आठवण फसवतेही, आणि हे मी पैसे भरून शिकलो आहे.

माझे आजोबा गावचे लोहार. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. भाता ओढायचं काम माझ्याकडं असायचं. वर्कशॉप सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी हातकोळप्याची एक खेप काढली. फास, म्हणजे कोळप्याचं पातं, आबांच्या फासासारखा करायचा ठरवलं. माझ्या डोळ्यांपुढं तो लख्ख होता. त्याचा पसारा, त्याची कड, त्याचा कल. कुणाला न विचारता मी तसे पंचवीस नग केले. रानात नेले तर फास मातीवरून सरकायच्या ऐवजी खाली घुसायचा. बायकांचे खांदे दुखून आले. जवळजवळ सगळे नग परत आले, आणि घेतलेले पैसे मी परत केले.

कारण शोधायला मला बरेच दिवस लागले. मला आठवत होता तो फास ऐरणीवरचा होता. आबा सांडशीत धरून तो माझ्या बाजूला तिरका करायचे, धार बघायला. तो तिरकेपणा मी फासाचा समजलो. तो आबांच्या मनगटाचा होता. रानातला फास मी पोर असताना पाहिलाच नव्हता. मी भात्यापाशी असायचो. आठवण खोटी नव्हती, पण ती एका जागेवरून पाहिलेली होती, आणि ती जागा कोणती होती हे मी स्वतःला विचारलं नाही.

तेव्हापासून मी एक करतो. स्वतःच्या आठवणीला दुसऱ्याची आठवण जोडल्याशिवाय लोखंड कापत नाही. कोळप्याचा फास पुन्हा करताना गावातल्या एका म्हाताऱ्या नानांकडं गेलो. आबांनी केलेलं कोळपं त्यांनी चाळीस वर्षं वापरलं होतं. त्यांना कोन सांगता येईना. मी काठी हातात दिली. त्यांनी ती जमिनीला टेकवली, दोन पावलं ओढली आणि म्हणाले, "असं. हिच्यापरास उभं न्हाय." मी तिथंच काठी आणि जमीन यांच्यात पुठ्ठा धरला आणि कोन कापून घेतला. तो पुठ्ठा अजून माझ्याकडं आहे.

नानांना कोन ठाऊक नव्हता, त्यांच्या हाताला ठाऊक होता. हाताची आठवण ही वेगळीच चीज आहे. ती तोंडानं विचारली तर सापडत नाही. आबा पात्याला पाणी द्यायचे तेव्हा आधी लालबुंद पातं पाण्यात बुडवायचे, मग कड घासून चकचकीत करायचे आणि विस्तवाच्या उबेवर धरायचे. घासलेल्या लोखंडावर रंग चढत जायचे. आबा मला रंग ओळखायला लावायचे. आधी वाळल्या गवताचा. मग कांद्याच्या सालीचा. मग वांग्याचा. त्यानंतर मोराच्या मानेचा. कोयत्याला कांद्याच्या सालीवर थांबायचं, ज्याला ठोके बसणार त्याला पुढं जाऊ द्यायचं. आयटीआयमध्ये मला याचा तक्ता मिळाला, अंशांसकट. तो मी कधीच पाठ करू शकलो नाही, आणि तशी गरजही पडली नाही. उसाच्या टिपरीची पाती मी कांद्याच्या सालीवरच थांबवली. आबांना तापमापक मिळालं नाही, म्हणून त्यांनी घरातलेच जिन्नस घेऊन एक मोजपट्टी बनवली. ज्यानं पहिल्यांदा लोखंडावरच्या रंगाला कांदा म्हटलं, त्याला ते आठवलं होतं आणि सुचलंही होतं.

हां, टिपरीच्या यंत्राची गोष्ट अर्धीच राहिली.

वाकलेल्या पात्याचं यंत्र घेऊन पुढच्या हंगामात मी त्याच रोपवाटिकेत गेलो. टेबलावर बसवून दिलं. कापणं सुरेख होत होतं. चार दिवसांनी पाहायला गेलो तर यंत्र टेबलावर नव्हतं. बायकांनी ते खाली घेतलं होतं, खाली पोतं अंथरलं होतं, आणि मावशी यंत्राच्या तळपट्टीवर पाय देऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, उभ्यानं पाठ दुखणार नाही म्हणून टेबल दिलं होतं." त्या म्हणाल्या, "उभ्यानं पाय भरत्यात, मिस्त्री. आन् पायाखाली असलं की आपल्या ताब्यात असतंय."

मला आईची विळी आठवली होती. पण त्यातलं मी फक्त पातं घेतलं. पाट घेतला नाही, पाय घेतला नाही, बसणं घेतलं नाही. उलट त्या संध्याकाळी मला सगळ्यात आधी आठवला होता तो पायच. मी पुरुष माणूस, वर्कशॉपात उभ्यानं काम करणारा. मला पातं दिसलं आणि मी तिथं थांबलो. मावशींच्या हातापायांत ती आठवण पुरी होती. त्यांनी पुढचं काम करून टाकलं. मग मी तळपट्टी रुंद केली, तिला पाऊल बसेल असा खोलगटपणा दिला, दांडा आखूड केला. आता जे यंत्र आम्ही विकतो ते बसून वापरायचं आहे. अधूनमधून एखादं गिऱ्हाईक विचारतं, हे उभ्यानं चालवायचं का केलं नाही. मी त्यांना मावशींचं वाक्य सांगतो.

लोकांची आठवण नव्या गोष्टीला आडवी येते, असंही पुष्कळदा ऐकायला मिळतं. कृष्णेपलीकडं किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर ती वसवली. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी समजूत होती. नांगर पडून राहिले. हे सांगताना लोक शेतकऱ्याला अडाणी ठरवतात, ते मला पटत नाही. पिढ्यान्पिढ्या लाकडाच्या नांगरावर पोसलेल्या माणसानं नव्या धातूला घाबरणं, हे त्याच्या जमिनीवरच्या मायेतूनच आलेलं होतं. नांगरानं काम करून दाखवलं आणि ती भीती गेली. पुढं आमच्या आबांसारख्या लोहारांकडं त्याच नांगराचे फाळ शेवटायला येऊ लागले. म्हणजे लोहाराच्या हाताला नवी आठवण लागली. ती एकदा लागली की पुढच्या पिढीला तेच जुनं वाटतं.

इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टसाठी माझ्याकडं येतात. हुशार असतात. पहिल्या दिवशी ती मोबाईलवर चार परदेशी यंत्रांची चित्रं दाखवतात आणि विचारतात, यातलं कोणतं करू. मी चित्रं बघतो. मग विचारतो, तुमच्या घरात लहानपणी काय काय होतं ते सांगा. सुरुवातीला त्यांना हे विचित्र वाटतं. एक गट ट्रेमध्ये कोकोपीट भरायच्या अडचणीवर काम करत होता. प्रत्येक कप्प्यात बोटानं खळगा करायचा आणि त्यात टिपरी ठेवायची, यात फार वेळ जातो. हवेच्या दाबावर चालणारं काहीतरी त्यांनी योजलं होतं, खर्च बराच. त्यातली एक मुलगी आजोळच्या चुलीबद्दल बोलत होती, आजी कोणत्या भांड्यात काय करायची ते. बोलता बोलता थांबली. म्हणाली, "काका, आप्पेपात्र उलटं केलं तर?" खळग्यांच्या जागी उंचवटे असलेली एक पाटी, दोन्ही बाजूंना मुठी. ट्रेवर ठेवायची, दाबायची, उचलायची. सगळ्या कप्प्यांत खळगे एकदम. दोन दिवसांत आम्ही ती पाटी केली. आता ती तीन-चार रोपवाटिकांत आहे.

त्या मुलीला ते कसं सुचलं हे मी पाहिलं, म्हणून सांगतो. ती आप्पेपात्राचा विचार करत नव्हती. आजीचा करत होती. आजीच्या हातात एक वस्तू होती, आणि ती वस्तू आजीच्या हातातून सुटून या ट्रेवर येऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला माझी ती संध्याकाळ आठवली. मीही पात्याचा विचार करत नव्हतो. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि तिच्या बसण्याची आठवण मला त्याआधी एकदाही आली नव्हती. दोन महिन्यांचं काम सुटलं याचा आनंद होताच, पण फरशीवर मी बराच वेळ बसून राहिलो तो त्यासाठी नाही.

आमच्या वर्कशॉपात बाविशीतला एक पोरगा आहे. त्यानं भाता पाहिलेला नाही, विळी पाहिलेली नाही. जेसीबीच्या मागं धावत तो मोठा झाला. मला काळजी वाटायची, याला कुठून सुचणार? मागच्या वर्षी उसाचं पाचट गोळा करायच्या दाताळ्यावर आम्ही अडलो होतो. दाते पाचट गोळा करायचे पण सोडायचे नाहीत. त्यानं मनगट आत वळवून दाखवलं, जेसीबीचा बकेट माती टाकताना वळतो तसं, आणि म्हणाला, "दात्यांना ह्यो सांधा द्या." दिला. चाललं. त्याच्याकडं त्याची साठवण आहे. मी तिला ओळखत नव्हतो, एवढंच.

सध्या मी हळदीवर आहे. हळद काढली की गड्ड्यापासून हळकुंडं मोडून वेगळी करायची असतात. हाताचं काम, बोटं पिवळी आणि सोललेली. यासाठी माझ्या आठवणीत काही नाही, कारण आमच्या घरी हळद नव्हती. म्हणून फाल्गुनात मी एका मळ्यात जाऊन बसतो. तिथल्या एक आक्का साठीच्या पुढच्या आहेत. त्या गड्डा उचलतात, जमिनीवर एकदा आपटतात, मग तळहातात फिरवतात आणि अंगठ्यानं कुठंतरी दाबतात. हळकुंडं सुटून पडतात. कुठं दाबतात ते मी सात-आठ दिवस बघतोय. विचारलं तर म्हणाल्या, "कुठं म्हंजे? जिथं मोडतंय तिथं." मग हसल्या आणि त्यांनी माझ्या हातात एक गड्डा दिला. मी अंगठा ठेवला. त्यांनी माझा अंगठा धरून बोटभर खाली सरकवला आणि म्हणाल्या, "आता दाबा."